शिरोबिंदू प्रलंबित

सर शाळेतून घरी आले तेव्हा त्यांच्या मुलीच्या गणिताच्या पेपरावर पालकांची सही झालेली होती आणि ती सही त्यांची नव्हती.

सहामाहीचे तपासलेले पेपर मुलांनी घरी न्यायचे, पालकांची सही घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात परत द्यायचे, असा शाळेचा नियम होता. सातवीला गणित सरच शिकवत. त्यामुळे मुलीच्या पेपरावर वर 'तपासणारा' म्हणून त्यांचीच सही असे आणि खाली 'पालक' म्हणूनही त्यांचीच. वरची सही ते शाळेत लाल पेनाने करत, खालची घरी येऊन, हातपाय धुऊन, निळ्या पेनाने. दोन्ही एका बैठकीत उरकता आल्या असत्या, पण शिस्त म्हणजे शिस्त. या वेळी मात्र निळी सही त्यांच्या बायकोची होती.

"ही तू का केलीस?" सरांनी विचारलं.

"तिने आणून दिला, मी केली," बायको वाटाणे सोलता सोलता म्हणाली. "तुमच्याकडे न्यायचा नाही म्हणाली."

"का म्हणे?"

"ते तिलाच विचारा. मला तुमच्या त्रिकोणातलं काही कळत नाही. तुम्ही तिला शून्य दिलंय आणि ती तुमच्याशी बोलत नाहीये, एवढं कळलं."

सरांनी पेपर उलटसुलट करून पाहिला. बाकी सगळीकडे बरोबरच्या खुणा होत्या. शून्य होतं ते चौथ्या प्रश्नाला. प्रश्न असा: 'ज्याच्या बाजू ४ सेमी, ५ सेमी आणि १० सेमी आहेत असा त्रिकोण काढा. गुण ३.' मुलीने दहा सेंटिमीटरचा पाया काढला होता. दोन्ही टोकांवरून एकेक कंस मारला होता. ते दोन कंस भांडण झालेल्या शेजाऱ्यांसारखे आपापल्या बाजूला उभे होते आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'कंस भेटत नाहीत.' त्यावर सरांच्याच हस्ताक्षरातला लाल शेरा होता: 'आळस नको. पुन्हा प्रयत्न कर.'

मुलगी आतल्या खोलीत इतिहासाचं पुस्तक घेऊन बसली होती. पुस्तक उघडं होतं, पण ती वाचत नव्हती हे कुणालाही कळलं असतं.

"काय गं, कंस भेटत नाहीत म्हणजे काय?" सर म्हणाले. "वर्गातल्या एकेचाळीस जणांचे भेटले. तुझेच कसे भेटत नाहीत?"

"तुम्ही काढून दाखवा."

"हात्तिच्या! एका मिनिटात दाखवतो. आण तुझी कंपासपेटी."

ते एक मिनिट पाऊण तास चाललं. आधी सरांनी पेन्सिलीला दोष दिला आणि तिला टोक केलं. मग जेवणाचं टेबल हलतं म्हणून त्याच्या पायाखाली पुठ्ठा सरकवला. मग मुलीची पट्टी खोटी निघाल्याचं जाहीर करून शेजारून दुसरी पट्टी मागवली. दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटवून पाहिल्या तर त्या तंतोतंत सारख्या निघाल्या, याचाही सरांना राग आला. चौथ्या कागदावर कंस भेटेनात तेव्हा बायको म्हणाली, "अहो, ते टेबल मोकळं करा. जेवायचंय." आणि तेव्हा कुठे सरांच्या डोक्यात प्रकाश पडला, की चार आणि पाच नऊ होतात आणि नऊ हे दहापेक्षा कमी असतात. कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा मोठी असायला हवी, हा नियम त्यांनीच महिन्यापूर्वी वर्गाकडून दहा दहा वेळा लिहून घेतला होता.

"प्रश्नच चुकलाय," सर म्हणाले. "असा त्रिकोण जगात नाही."

"तेच मी लिहिलं," मुलगी म्हणाली.

"पण मग बाकीच्या एकेचाळीस जणांनी काढला कसा?"

मुलीने पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही काढता तसा."

 बायकोने टेबलावर ताटं मांडली.

आता इथे लाकडी कंपासाबद्दल सांगणं भाग आहे. फळ्यावर वापरायचा हा हातभर लांब कंपास सरांच्याही आधीपासून शाळेत होता. त्याच्या एका पायात खडू अडकवायचा आणि दुसऱ्या पायाचं टोक फळ्यावर टेकवायचं. अडचण एवढीच, की डोक्यावरचा स्क्रू झिजल्यामुळे चाळीसचं अंतर घेऊन कंस मारायला सुरुवात केली की तो संपेपर्यंत पंचावन्न होई. नोकरीच्या पहिल्याच वर्षी सरांनी नव्या कंपासासाठी अर्ज केला. वरच्या कार्यालयाचं उत्तर आलं, की जुना निकामी ठरल्याशिवाय नवा मिळत नाही. सरांनी जुना निकामी ठरवावा म्हणून अर्ज केला. त्यावर एक तपासनीस चौकशीला आले आणि मागच्या बाकावर बसून म्हणाले, "दाखवा बरं त्रिकोण काढून." सर नवे होते, वर्ग भरलेला होता. त्यांनी घाबरून आधी पट्टीने झकास त्रिकोण काढून टाकला आणि मग त्याच्या शेंड्यावर कंपासाने दोन कंस गिरवल्यासारखं केलं. तपासनिसांनी मान डोलावली, 'कंपास उत्तम स्थितीत' असा शेरा मारला आणि चहा पिऊन निघून गेले.

तेव्हापासून एकोणीस वर्षं सर आधी त्रिकोण काढत आले होते आणि मग कंस. दर वर्षी ते नव्या कंपासासाठी अर्ज करत आणि दर वर्षी उत्तर येई, की ज्याअर्थी शाळेत त्रिकोण व्यवस्थित निघत आहेत त्याअर्थी कंपास चालू आहे. त्रिकोणाचं काम ते फळ्याकडे तोंड करून, वर्गाकडे पाठ करून, सफाईने करत. त्यांची पाठ चांगली रुंद होती. कुणाच्या लक्षात आलं असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मुलीचा सोडून बाकीच्यांचे पेपर सह्या होऊन त्याच दिवशी परत आले होते. त्यांनी तो गठ्ठा सोडला आणि पट्टी घेऊन एकेक त्रिकोण मोजला. पाया सगळ्यांचा दहाचा होता. बाजूंवर ४ आणि ५ लिहिलेलं होतं, पण मोजल्यावर त्या साडेपाच, सहा, सात अशा वाटेल त्या निघत. आणि शेंड्यावर प्रत्येकाने दोन सुबक कंस काढले होते, अगदी सर काढतात तसे, जरासे उजवीकडे झुकलेले.

"वर्गात सांगा," मुलगी जेवताना म्हणाली. "मला गुण नकोत. तुम्ही कसा काढता ते वर्गात सांगा. मग पुढच्या पेपरावर तुमची सही घेईन."

"काहीतरीच काय! शिक्षकाने असं सांगायचं असतं का?"

"मग आई करेल सही."

एवढं बोलून तिने ताट उचललं. सरांना त्या रात्री झोप लागली नाही, पण त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही, कारण त्यांनी त्या जागरणात कोणताही शहाणपणाचा निर्णय घेतला नाही. त्यांनी ठरवलं ते असं, की प्रश्न चुकला एवढंच सांगायचं, मुलीला तीन गुण द्यायचे आणि आपल्या पद्धतीचा विषयच काढायचा नाही. पुढचं सगळं रामायण या ठरवण्यातून झालं.

मुख्याध्यापिकाबाई भल्या होत्या, पण कागदाला फार घाबरायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"सर, हा पेपर वरच्या कार्यालयाने काढलाय. पंच्याऐंशी शाळांना एकच पेपर. उत्तरसूचीत स्वच्छ लिहिलंय, त्रिकोण काढल्यास तीन गुण."

"पण बाई, तो काढताच येत नाही."

"तुमच्याच वर्गातल्या एकेचाळीस मुलांनी काढलाय."

"ते सगळे चूक आहेत. बरोबर उत्तर एकाच मुलीचं आहे."

"कोणत्या मुलीचं?"

 बाईंनी पेपर ओढून घेतला, नाव वाचलं आणि चष्म्यावरून सरांकडे पाहिलं. "म्हणजे एकेचाळीस जणांचे गुण कापून तुम्ही ते तुमच्या मुलीला देणार?"

असं तोंडावर म्हटल्यावर ते खरंच वाईट दिसत होतं. मधल्या सुट्टीपर्यंत ही बातमी शिपायाने गेटपर्यंत पोचवली आणि गेटवरून ती गावभर झाली. संध्याकाळी सर घरी येत होते तेव्हा वाण्याने त्यांना विचारलं, "काय सर, तुमच्या मुलीसाठी तुम्ही त्रिकोणच बंद पाडला म्हणे?"

वरच्या मजल्यावरचे ओव्हरसियर काका जिन्यातच वाट बघत उभे होते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे सल्ला भरपूर साठला होता आणि उठाव नव्हता. त्यांनी सरांना घरात नेलं, पंखा लावला आणि कागदावर माप मागितलं.

"चार, पाच, दहा," काका विचार करत म्हणाले. "सर, मंजूर नकाशात चूक नसते. चूक जमिनीत असते. आम्ही साइटवर कधी नकाशाला हात लावला नाही. बसत नसेल तर पाया थोडा खचू द्यायचा."

"काका, कागदावरचा पाया कसा खचणार?"

"कागद मधोमध दुमडा. दोन्ही टोकं आपोआप जवळ येतात." आणि त्यांनी करूनही दाखवलं. कागद दुमडल्यावर कंस खरोखर भेटले. काकांच्या चेहऱ्यावर पूल उघडल्याचा आनंद होता, आणि सरांनी पुढे काही बोलायचं नाही असं ठरवून चहा प्यायला.

इकडे मुख्याध्यापिकाबाईंनी वर पत्र धाडलं. आठवड्याने उत्तर आलं. 'सदर त्रिकोण मंजूर मापांचा आहे. अन्य चौऱ्याऐंशी शाळांत तो व्यवस्थित निघाला असून कोणाचीही तक्रार नाही. आपल्या शाळेत न निघाल्यास साहित्य व शिक्षक तपासावेत.' हे वाचून सरांना क्षणभर बरं वाटलं, कारण चौऱ्याऐंशी शाळांत कुणीतरी चौऱ्याऐंशी माणसं फळ्याकडे तोंड करून काय करत असतील हे त्यांना बसल्या जागी दिसलं. पण हे कुणाला सांगायचं तर आधी आपलं सांगावं लागणार होतं.

त्यांनी स्वतः दुसरं पत्र लिहिलं. त्यात नियम लिहिला, बेरीज लिहिली, नऊ हे दहापेक्षा लहान असल्याचं नम्रपणे निदर्शनास आणून दिलं. त्याचं उत्तर लगेच आलं. 'सदर त्रिकोण काढता येत नसल्यास, काढता न येणाऱ्या त्रिकोणाची स्वच्छ व प्रमाणबद्ध आकृती तीन प्रतींत सादर करावी. आकृतीशिवाय आलेल्या अर्जाचा विचार होणार नाही.' सर ते पत्र घेऊन अर्धा तास शिक्षकांच्या खोलीत बसून राहिले. चित्रकलेच्या शिक्षकांनी मदतीची तयारी दाखवली, पण त्यांनाही आकृती नक्की कशाची काढायची हे कळेना.

मग पालकसभा झाली. एकेचाळीस मुलांचे पालक म्हणजे निदान साठ माणसं, आणि सगळे गुण वाचवायला आलेले. कुणी म्हणालं, सरांच्या मुलीला दुसऱ्या शाळेत घाला. कुणी म्हणालं, त्रिकोणाचा धडाच या वर्षी गाळा. एवढ्यात मागून सुतार उठला. त्याच्या मुलाला गणितात आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण तीन गुण मिळाले होते आणि ते जाऊ द्यायची त्याची मुळीच तयारी नव्हती.

"सर म्हणतात असा त्रिकोण जगात नाही," तो म्हणाला. "मी करून आणलाय."

सभेत खळबळ उडाली. सुताराने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली आणि टेबलावर ठेवली. ती एक लांब पट्टी होती. तिच्या पोटाशी दोन लहान पट्ट्या एका रेषेत चिकटवलेल्या होत्या आणि त्या दोघींच्या मध्ये एक छोटीशी पाचर मारलेली होती.

"हा त्रिकोण आहे?" सरांनी विचारलं.

"आहे ना. ही दहाची, ही चारची, ही पाचची."

"आणि ही मधली पाचर?"

"ती जोडाची. जोडात एवढं तेवढं धरायचं असतं, सर."

"अहो, पण ही तर सरळ पट्टी झाली! तिसरा कोपरा कुठाय?"

सुताराने त्या वस्तूकडे प्रेमाने पाहिलं. "त्रिकोण झोपलाय, सर. उभा केला की दिसेल."

सभेला हे एकदम पटलं. झोपलेला का होईना, त्रिकोण आहे तर खरा! टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी सुटकेचा श्वास टाकून ती पट्टी कार्यालयातल्या काचेच्या कपाटात ठेवायला सांगितली. सरांनी उठून बोलायचा प्रयत्न केला, तर पहिल्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "बसा हो सर, एवढा चांगला त्रिकोण केलाय बिचाऱ्याने." एकोणीस वर्षांच्या नोकरीत सरांना कुणी असं बसवलं नव्हतं.

घरी आल्यावर मुलीने काही विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, की सुताराचा त्रिकोण झोपलेला निघाला. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. पूर्वी अशा गोष्टीवर दोघं मिळून पोट धरधरून हसली असती. ती फक्त म्हणाली, "तुम्ही सांगितलंत का?" आणि सरांनी नाही म्हणून मान हलवल्यावर पुन्हा पुस्तकात बघायला लागली. आता ती गणितातली शंका विचारायला वरच्या मजल्यावर काकांकडे जात होती. काकांनी तिला अपूर्णांक शिकवताना सिमेंट आणि वाळूचं प्रमाण सांगितलं असावं, कारण तिची सगळी उत्तरं एकास चार येत होती. आपली मुलगी आपल्या घरात बसून दुसऱ्याचं चुकीचं गणित करते आहे आणि तरीही आपल्याला विचारत नाही, हे सरांना साठ पालकांपेक्षा जास्त लागलं.

पुढच्या सोमवारी वरच्या कार्यालयाने कळवलं, की आकृती न आल्यामुळे प्रत्यक्ष पाहणीसाठी साहेब येत आहेत. सदर शिक्षकाने सदर त्रिकोण वर्गासमोर फळ्यावर काढून दाखवावा. निघाल्यास प्रकरण बंद. न निघाल्यास शिक्षकाचं काय करायचं ते पाहू.

"निघेल हो," मुख्याध्यापिकाबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी लाकडी कंपास हातात घेऊन उघडमीट करून पाहिला होता. "हा इतका ढिला आहे, की कंस कुठे ना कुठे भेटतीलच. तुम्ही फक्त मन लावून मारा."

सरांनी कंपासाकडे पाहिलं आणि त्यांना हसावं की रडावं कळेना. ज्या कंपासाने एकोणीस वर्षांत एकही खरा त्रिकोण काढू दिला नव्हता, तोच कंपास जगात नसलेला त्रिकोण काढायला एकदम लायक निघाला होता.

पाहणीच्या आदल्या दुपारी सुतार शाळेत आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तो कपाटातली आपली पट्टी परत मागायला आला होता.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"झोप उडाली, सर. उभा करून बघू म्हटलं. रविवारी सकाळपासून बसलो. पाचर काढली की कोपरा सुटतो, पाचर ठेवली की झोपतो. एक अख्खी फळी गेली." तो कपाळावरचा घाम पुसत बाकावर बसला. "तुमचं खरं आहे. त्या तीन पट्ट्यांचं जमायचं नाही. पोराला मात्र मी सांगितलेलं नाही अजून. कसं सांगू? बापाने टाळ्या घेतल्यात."

सर त्याच्या शेजारी बसले. इतक्या दिवसांत त्यांच्याशी कुणी असं बोललं नव्हतं. मग सुताराची नजर टेबलावरच्या कंपासाकडे गेली. सवयीने त्याने तो उचलला, पाय फाकवले, सोडले, पुन्हा फाकवले.

"सर," तो म्हणाला, "हा असा असताना तुम्ही इतकी वर्षं त्रिकोण काढत होता तरी कसे?"

आणि सरांनी सांगून टाकलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं, आणि तेही एका सुताराला, रिकाम्या वर्गात. सुताराने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पिशवीतून स्क्रू काढून कंपासाचं डोकं आवळायला लागला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांच्याकडे छापील तक्ता होता. वर्गात बेचाळीस मुलं, दारात मुख्याध्यापिकाबाई, खिडकीत पालक, आणि पालकांच्या पुढे, खास घरून आणलेल्या खुर्चीवर, ओव्हरसियर काका.

"काढा," साहेब म्हणाले.

सरांनी फळ्यावर मीटरभर लांब पाया काढला. सेंटिमीटरला दहा असं माप वर्गाला सांगितलं. मग त्यांची पाठ आपोआप वर्गाकडे वळली आणि डावा हात पट्टीकडे गेला. तो हात त्यांचा नव्हताच म्हणा ना, एकोणीस वर्षांच्या सवयीचा होता. पट्टी फळ्याला लागली, खडू टेकला. आणि त्यांना एकदम जाणवलं, की दुसऱ्या बाकावर बसलेली त्यांची मुलगी फळ्याकडे नाही, त्यांच्या हाताकडे बघते आहे. ती सहामाहीच्या आधीपासून तशीच बघत आली असणार. सरांनी पट्टी खाली ठेवली, वर्गाकडे तोंड केलं आणि कंपास उचलला.

डोकं आता घट्ट होतं, पण फळा गुळगुळीत होता. टोक टेकवलं की सरकत होतं. एकदा सरकलं, दोनदा सरकलं.

"कुणीतरी येऊन टोक धरा रे," सर म्हणाले.

एकेचाळीस हात वर झाले. जिचा हात वर नव्हता ती उठून आली आणि पायाच्या डाव्या टोकावर कंपासाचा पाय दोन्ही हातांनी दाबून धरला.

"इथे धर."

"माहितीये," ती म्हणाली.

सरांनी चाळीसचा कंस मारला, थेट पायाच्या रेषेपर्यंत. मग तिने उजवं टोक धरलं आणि त्यांनी पन्नासचा मारला. दोन्ही कंस गोल, स्वच्छ, न थरथरता आले. इतका चांगला कंस सरांनी त्या फळ्यावर कधी काढला नव्हता. आणि दोन कंसांच्या मध्ये, रेषेवर, दहा सेंटिमीटर जागा मोकळी राहिली.

 मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"हा त्रिकोण होत नाही," सर म्हणाले.  "आणि मी आतापर्यंत तुम्हाला या फळ्यावर जे त्रिकोण काढून दाखवले ते कंपासाने काढलेलेच नव्हते. मी आधी त्रिकोण काढायचो आणि मग वर कंस काढायचो. मागचे सगळे वर्गही तसंच शिकून गेले. ती लबाडी होती. तुम्ही पेपरात केलंत ते माझंच बघून केलंत. चूक माझी आहे."

आता आभाळ कोसळणार म्हणून सर उभे राहिले. ते कोसळलं नाही. सुताराच्या मुलाने हात वर केला.

"सर, मग ते कंस कशासाठी असतात?"

"त्रिकोणाचा तिसरा कोपरा कुठे आहे ते शोधायला."

"अच्छा!" मुलगा म्हणाला. "आम्हाला वाटलं शोभेसाठी."

सगळ्या वर्गाने होकारार्थी मान हलवली. खिडकीत सुतार खाली बघत होता. "पोरा," तो बाहेरूनच म्हणाला, "माझा त्रिकोणपण खोटा होता." काका खुर्चीत पुढे झुकून खड्या आवाजात म्हणाले, "फळा मधोमध दुमडला तर?" पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

साहेब फळ्यापाशी गेले. त्यांनी मोकळ्या जागेवर बोट ठेवून पाहिलं, मग तक्ता उघडला. तक्त्यात रकाने होते. पाया: आहे. पहिली बाजू: आहे. दुसरी बाजू: आहे. शिरोबिंदूच्या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं. तिथे दोनच पर्याय छापलेले होते, 'आहे' आणि 'प्रलंबित'. 'नाही' असा पर्यायच नव्हता. साहेबांनी बराच वेळ विचार केला, आपल्या हुद्द्याचा विचार केला, पंच्याऐंशी शाळांचा विचार केला, आणि 'प्रलंबित' वर खूण करून खाली सही ठोकली.

"आमच्या शाळेत," ते जाता जाता सरांच्या कानाशी म्हणाले, "आमचे मास्तरही आधी त्रिकोणच काढायचे." आणि चहा न घेता गेले.

पंधरा दिवसांनी परिपत्रक आलं. शिरोबिंदूबाबत अंतिम निर्णय होईपर्यंत, ज्या विद्यार्थ्यांचे कंस भेटले आहेत त्यांचे गुण कायम ठेवावेत आणि ज्यांचे भेटलेले नाहीत त्यांना अपूर्ण त्रिकोणाबद्दल दीड गुण द्यावा. सुधारित पेपरांवर पालकांची नव्याने सही घ्यावी. सरांनी एकेचाळीस जणांना आपापला त्रिकोण पट्टीने मोजायला लावला, खरी मापं बाजूंवर लिहायला लावली आणि गुण तसेच ठेवले, कारण त्यातली चूक त्यांची स्वतःची होती. बेचाळिसाव्या पेपरावर त्यांनी परिपत्रकाप्रमाणे शून्य खोडून दीड लिहिलं.

त्या संध्याकाळी ते घरी आले, हातपाय धुतले आणि टेबलाशी बसले. बायको स्वयंपाकघरात होती. मुलगी आतून पेपर घेऊन आली आणि त्यांच्यापुढे ठेवून उभी राहिली. सरांना इतकं भरून आलं, की चष्मा पुसायचं निमित्त करावं लागलं.

"दीड कसा काय?" तिने विचारलं.

"परिपत्रकात तसं आहे."

"बाबा, एकतर शून्य तरी हवं नाहीतर तीन तरी. अर्धं बरोबर काय आहे त्यात?"

सरांनी पेपराकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत त्यांनी वरून आलेल्या कागदाबाहेर एक रेघ ओढली नव्हती. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, दीड खोडलं, तीन लिहिलं. 'आळस नको' हा शेराही खोडला आणि त्याच्या जागी लिहिलं, 'कंस भेटत नाहीत. बरोबर.' लाल पेन घरी उघडण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

मुलीने ते वाचलं, आपल्या कंपासपेटीतून निळं पेन काढून त्यांच्या हातात दिलं आणि खाली आईच्या सहीशेजारी मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे," ती म्हणाली. "आणि उद्या त्या काकांचं एकास चार मला परत नीट शिकवा."